दुभाष्याचे पैसे कुठल्या खात्यातून?

कार्यक्रमाची नोंदणी सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका अर्जात 'इतर सूचना' या रकान्यात एक ओळ येते: मला ऐकू येत नाही, साइन लँग्वेजच्या दुभाष्याची सोय होईल का? ती ओळ आयोजकांकडून कार्यालयात जाते, कार्यालयातून हिशोबनिसाकडे. हिशोबनीस विचारतो, "हे कुठल्या हेडखाली टाकू?" आणि तिथे गाडी अडते. 'नाही' कोणीच म्हणत नाही. आठवडा जातो, आणि मग कोणीतरी सुचवतं की त्या स्वतःच कोणाला तरी सोबत घेऊन आल्या तर बरं होईल.

हे काम माझ्याकडे पहिल्यांदा आलं तेव्हा मीही हेच सुचवलं होतं. समोरून उत्तर आलं, "माइक आणि स्पीकरसुद्धा श्रोत्यांनीच आणायचे असतात का?" मला त्यावर बोलता आलं नाही.

पुढे बरेच कार्यक्रम, बऱ्याच बैठका आणि बरीच बिलं हाताखालून गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक ठिकाणी या सोयीसाठी पैसे असतात. नसतं ते खातं. मंडपाचं, छपाईचं, चहापाण्याचं, पाहुण्यांच्या प्रवासाचं खातं असतं, म्हणून ते खर्च वादाशिवाय होतात. दुभाषी आणि कॅप्शन (बोललेलं पडद्यावर अक्षरांत दाखवणं) यांचं खातं मागणी आल्यावर शोधायला गेलं की प्रत्येक वेळी नव्याने भांडावं लागतं, आणि ते भांडण बहुधा कर्णबधिर माणसाच्या अंगावर येतं. तेव्हा खाली जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मागणी यायच्या आधी करायचं आहे.

सुरुवातीलाच शब्दांबद्दल. अर्जात, पत्रात, बजेटमध्ये 'मूकबधिर' लिहू नका. ऐकू न येणारी माणसं मुकी नसतात. त्यांची भाषा हातांची असते, कित्येक जण बोलतातही. कर्णबधिर किंवा बधिर आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते श्रवणदुर्बल, हे शब्द चालतात. समोरची व्यक्ती स्वतःसाठी जो शब्द वापरते तो वापरणं सगळ्यात बरं.

पहिली पायरी: काय हवंय ते त्यांनाच विचारा

हे इतकं साधं आहे की बहुतेक जण वगळतात, आणि मग चुकीच्या सोयीवर पैसे घालवून बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून जास्त लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येतं, आणि त्यातल्या साधारण ४३ कोटी लोकांना उपचार किंवा पुनर्वसनाची गरज आहे. यातल्या बहुतेकांना साइन लँग्वेज येत नाही. साठीनंतर ज्यांचं ऐकणं कमी झालं त्यांच्यासमोर दुभाषी उभा केला तर त्यांना त्यातलं एक अक्षर कळणार नाही. त्यांना पडद्यावर अक्षरं हवीत, म्हणजे लाइव्ह कॅप्शन. किंवा श्रवणयंत्रात थेट आवाज पोचवणारी इंडक्शन लूप हवी. उलट, जिची पहिली भाषाच साइन लँग्वेज आहे अशा व्यक्तीला झरझर सरकणारं लिखाण हे परक्या भाषेतल्या लिखाणासारखं वाटू शकतं. तिला दुभाषीच लागतो.

"ते ओठ वाचतात ना?" हा प्रश्न हमखास येतो. आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता 'पाप', 'बाप' आणि 'माप' म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. क आणि ग तर घशात तयार होतात, ओठांवर दिसतच नाहीत. ओठ वाचणारी माणसं संदर्भावरून, चेहऱ्यावरून अंदाज बांधत असतात. तासाभराच्या व्याख्यानात तो अंदाज बांधून बांधून माणूस थकून जातो.

दुभाषी हवा असेल तर कोणत्या सांकेतिक भाषेचा, हेही विचारा. जगभर एकच साइन लँग्वेज असते ही समजूत फार पक्की आहे आणि चुकीची आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन साइन लँग्वेज एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की ब्रिटिश मुळाक्षरं दोन हातांनी दाखवतात आणि अमेरिकन एका हाताने. बोलली जाणारी भाषा एक असली म्हणून हातांची भाषा एक होत नाही. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी हातात हात देऊन खुणा करणारे दुभाषी लागतात, आणि ते बऱ्याचदा एका माणसामागे दोन लागतात. काही प्रसंगी, विशेषतः रुग्णालयात, पोलीस ठाण्यात किंवा ज्याला औपचारिक साइन लँग्वेज शिकायलाच मिळाली नाही अशा माणसासाठी, ऐकणाऱ्या दुभाष्याच्या जोडीला स्वतः कर्णबधिर असलेला दुभाषी घ्यावा लागतो. हा दुसरा माणूस कशाला, असं हिशोबनीस विचारेल. त्याला सांगा की पहिल्याला न कळणारं अर्धं दुसऱ्याला कळतं.

नोंदणी अर्जात म्हणून एकच प्रश्न ठेवा, पण मोकळा ठेवा: 'कार्यक्रमात सहभागी होण्यासाठी कोणती सोय लागेल? या तारखेपर्यंत कळवा.' तारीख द्याच. चांगले दुभाषी आठवडेच्या आठवडे आधी बुक झालेले असतात.

दुसरी पायरी: पैसे द्यायची जबाबदारी कोणाची, हे पाहा

जगात याची साधारण तीन प्रकारची उत्तरं सापडतात. आपण कुठल्या चौकटीत बसतो हे कळल्याशिवाय पैसे मागायला जाऊ नका, कारण चुकीच्या दारात मागितलेले पैसे मिळत नाहीत.

पहिलं उत्तर: जो सेवा देतो किंवा कार्यक्रम भरवतो, त्याने. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या करारात 'वाजवी सोय' नाकारणं हा भेदभाव मानला आहे, आणि त्याच्या नवव्या कलमात व्यावसायिक साइन लँग्वेज दुभाष्यांचा थेट उल्लेख आहे. अमेरिकेचा १९९० चा अपंगत्व कायदा, ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा, भारताचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा हे सगळे शब्द वेगळे वापरतात, पण याच दिशेने जातात. अमेरिकी नियमांत तर स्पष्टच आहे की दुभाष्याचा खर्च त्या व्यक्तीच्या बिलात किंवा प्रवेशशुल्कात चढवता येत नाही, आणि आणीबाणी सोडली तर सोबत आलेल्या लहान मुलाला दुभाषी म्हणून वापरता येत नाही.

या कायद्यांत एक पळवाट दिसते: खर्च 'अवाजवी बोजा' ठरत असेल तर सूट. नवखे आयोजक इथे खूश होतात. पण अमेरिकेत बोजा मोजताना त्या एका कार्यक्रमाचं बजेट पाहत नाहीत, संस्थेच्या हाताशी असलेली एकूण साधनं पाहतात. शंभर खोल्यांच्या रुग्णालयाला 'आमच्या बाह्यरुग्ण विभागाकडे पैसे नव्हते' असं म्हणून सुटता येत नाही. आणि दुभाषी खरोखरच परवडत नसेल, तरी परवडेल अशी दुसरी परिणामकारक सोय द्यायची जबाबदारी उरतेच.

दुसरं उत्तर: सरकार पैसे देतं, पण व्यक्तीच्या नावाने. फिनलंडमध्ये कर्णबधिर व्यक्तीला वर्षाला किमान १८० तास आणि दृष्टी-श्रवण दोन्ही नसलेल्या व्यक्तीला किमान ३६० तास दुभाषी मिळण्याचा हक्क आहे. २०१० पासून हे काम 'केला' (Kela) ही तिथली राष्ट्रीय सामाजिक विमा संस्था पाहते. ब्रिटनमध्ये 'अ‍ॅक्सेस टू वर्क' या योजनेतून नोकरीच्या ठिकाणच्या दुभाष्याचे पैसे मिळतात, पण अर्ज कर्मचाऱ्याने करायचा असतो आणि वर्षाची कमाल मर्यादा असते. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेत प्रत्येकाच्या वैयक्तिक आराखड्यात अशी तरतूद करता येते.

इथे एक मोह होतो, तो आवरा. समोरच्या व्यक्तीकडे स्वतःचे तास आहेत हे कळलं की 'तेच वापरा की' असं सुचवायचा. ते तास घर बघायला जाताना, मुलांच्या शाळेत, लग्नात, मयतात बोलता यावं म्हणून असतात. तुमच्या कार्यशाळेत ते संपले तर पुढच्या आठवड्यात शाळेतल्या पालकसभेत ती आई गप्प बसून राहणार.

तिसरं उत्तर: सगळ्यांकडून थोडं थोडं गोळा करून. अमेरिकेत कर्णबधिर माणूस व्हिडिओवरच्या दुभाष्यामार्फत फोन करतो, तेव्हा त्याला त्याचे पैसे पडत नाहीत. दूरसंचार कंपन्या एका सामाईक निधीत भर घालतात आणि त्यातून रिले सेवा चालते. मला स्वतःला हीच रचना सगळ्यात आवडते, कारण यात कोणालाच 'तुझ्यामुळे खर्च झाला' असं म्हणता येत नाही. पण एक घोटाळा नेहमी होतो. ही सेवा दोन ठिकाणच्या दोन माणसांतल्या फोनसाठी आहे. दोघं एकाच खोलीत बसलेले असताना ती वापरणं नियमबाह्य आहे. समोरासमोरच्या भेटीसाठी पडद्यावरचा दुभाषी हवा असेल तर ती वेगळी, विकत घ्यायची सेवा आहे. 'व्हिडिओवर फुकट मिळतं म्हणे' असं कोणी सांगितलं तर आधी हा फरक तपासा.

तिसरी पायरी: हिशोब नीट मांडा

आयोजक सहसा असा विचार करतो: कार्यक्रम दहा ते पाच, मध्ये तासभर जेवण, म्हणजे सहा तास. एक दुभाषी. ताशी दर 'द' धरला तर खर्च सहा 'द'.

आता प्रत्यक्षात काय होतं पाहू. दुभाषी एका भाषेतलं ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत हातांनी मांडतो, आणि तोवर पुढचं वाक्य कानावर आलेलं असतं. वीसेक मिनिटांनी मेंदू दमतो, चुका वाढतात, आणि गंमत म्हणजे त्या चुका दुभाष्याला स्वतःला जाणवत नाहीत. म्हणून तासाभराहून लांबणाऱ्या कामाला दोन दुभाषी लागतात. ते दर पंधरा-वीस मिनिटांनी आळीपाळीने पुढे येतात. मागे बसलेला मोकळा नसतो. सुटलेलं नाव, चुकलेला आकडा तो पुरवत असतो. दोघंही अर्धा तास आधी येतात, जागा आणि प्रकाश पाहतात, वक्त्यांना भेटतात. म्हणजे साडेसात तास, दोन माणसं, पंधरा 'द'. सहाच्या अडीच पट. वर प्रवास. कायदा, वैद्यक यांसारखा अवघड विषय असेल तर काही जण तयारीचा वेळही लावतात आणि तो लावायलाच हवा.

मी एकदा पूर्ण दिवसाच्या परिषदेला एकच दुभाषी बोलावली होती. पैसे वाचवले म्हणून स्वतःवर खूश होते. दुपारी तीनच्या सत्रात तिचे हात इतके जड झाले की ती तीन वाक्यांचं एक वाक्य करत होती. समोर बसलेले दोघं एकमेकांकडे बघत होते. त्या दिवशी मी पैसे वाचवले नाहीत, अर्धे वाया घालवले.

जेवणाच्या सुट्टीचाही विचार करा. खऱ्या ओळखी तिथेच होतात, आणि दुभाष्यांनाही भूक लागते. एकाने आधी जेवायचं, दुसऱ्याने नंतर, असं सकाळीच ठरवून ठेवा. छोटं काम असेल, वीस मिनिटांची मुलाखत समजा, तरी बहुतेक दुभाषी किमान दोन तासांचे पैसे घेतात. त्यात लबाडी नाही. तुमच्या वीस मिनिटांसाठी त्यांची अर्धी सकाळ जाते.

कॅप्शनचा हिशोब वेगळा असतो. प्रशिक्षित कॅप्शनर स्टेनोच्या खास यंत्रावर इंग्रजीत मिनिटाला दोनशेच्या पुढे शब्द घेतो. दुसरी पद्धत अशी की वक्त्याचं बोलणं कॅप्शनर स्वतः स्पष्ट आवाजात पुन्हा म्हणतो आणि त्याच्या आवाजाला सरावलेलं सॉफ्टवेअर ते लिहितं. कॅप्शनर दूर बसूनही काम करू शकतो, त्यामुळे प्रवासखर्च वाचतो. पण त्याच्यापर्यंत स्वच्छ आवाज पोचायला हवा. म्हणजे प्रत्येक वक्त्याला माइक, साउंडवाल्याकडून थेट लाइन, भरवशाचं इंटरनेट आणि शेवटच्या रांगेतून वाचता येईल असा वेगळा पडदा. या चार गोष्टी 'साउंड'च्या बिलात आधीच घालून टाका. नंतर मागितल्या तर 'कॅप्शनमुळे खर्च वाढला' असं होतं.

आणि फुकटची कॅप्शन? फोनवर, ऑनलाइन बैठकीत बटण दाबलं की अक्षरं दिसतात, मग माणूस कशाला? हा प्रश्न रास्त आहे, त्याला तुच्छतेने उत्तर देऊ नका. यंत्राची कॅप्शन दरवर्षी सुधारत आहेत आणि चार जणांच्या अनौपचारिक बैठकीत, संबंधित व्यक्तीची हरकत नसेल तर, मी ती बिनदिक्कत वापरते. पण ९५ टक्के अचूक हे ऐकायला छान वाटतं. त्याचा अर्थ दर वीस शब्दांमागे एक चूक. मिनिटाला १२० शब्द बोलणारा वक्ता धरला तर मिनिटाला सहा चुका, तासाला ३६०. थेट कॅप्शनची गुणवत्ता मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'एनईआर' पद्धतीत ९८ टक्क्यांच्या खालचं काम स्वीकारण्याजोगं धरत नाहीत, आणि त्यातही चूक किती गंभीर याला वजन असतं. यंत्र नेमकं नावात, आकड्यात, दोन माणसं एकदम बोलली तिथे आणि मराठी-इंग्रजीच्या खिचडीत चुकतं. 'ही गोळी घ्यायची नाही' यातलं 'नाही' गळलं तर टक्केवारी पाव टक्क्यानेही हलत नाही. दवाखाना, न्यायालय, परीक्षा, नोकरीची मुलाखत, शिस्तभंगाची चौकशी इथे माणूसच हवा.

चौथी पायरी: खातं उघडा

आता मूळ मुद्दा. पैसे कोणत्या खिशात ठेवायचे यावर सोय होणार की नाही हे ठरतं.

समजा, संस्थेत दहा विभाग आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या बजेटमधून दुभाष्याचे पैसे द्यायचे असा नियम आहे. एका विभागात कर्णबधिर उमेदवार येतो, गुणवत्तेत बसतो. विभागप्रमुख भला माणूस आहे, पण त्याच्या डोक्यात वर्षभराच्या बैठकांचा हिशोब सुरू होतो: हा खर्च माझ्याच माथी, बाकीचे नऊ जण मोकळे. मग दुसरा उमेदवार जरा जास्त 'योग्य' वाटू लागतो. कारण कुठेच लिहिलं जात नाही. हाच खर्च संस्थेच्या मध्यवर्ती निधीतून होत असेल, तर विभागप्रमुखाला फक्त एक फॉर्म भरायचा असतो आणि उमेदवाराकडे सरळ नजरेने बघता येतं. वीजबिल जसं 'ज्याने दिवा लावला त्याने भरा' असं नसतं, तसंच हे. म्हणून शक्य तिथे निधी वरच्या पातळीवर ठेवा आणि तिथून खर्च करायला एकाच माणसाची मंजुरी पुरेल असं करा. तीन सह्या लागणारा निधी कागदावरच राहतो.

पहिल्या वर्षी किती ठेवायचे? मागचा अनुभव नसेल तर असं करा: वर्षातले सगळे जाहीर कार्यक्रम, मुलाखतींच्या फेऱ्या, सर्वसाधारण सभा यांची यादी काढा. त्यातल्या कशाला मागणी येण्याची शक्यता आहे आणि कशाला मागणी नसतानाही कॅप्शन ठेवायला हवीत ते ठरवा, मग वरच्या हिशोबाने आकडा काढा. मोठ्या जाहीर कार्यक्रमाला मी मागणीची वाट न पाहता कॅप्शन ठेवते. ऐकू कमी येणारी कितीतरी माणसं अर्जात तसं लिहीतच नाहीत. कॅप्शनचा खर्च एका वाचकाला जेवढा तेवढाच चारशे वाचकांना, आणि मागच्या रांगेतले चांगलं ऐकू येणारे लोकही ती वाचतात.

छोट्या संस्थेकडे असा निधी कुठून येणार? मार्ग आहेत, थोडे खटपटीचे.

प्रकल्पासाठी अनुदान मागत असाल तर दुभाषी-कॅप्शनची ओळ मूळ प्रस्तावातच हवी. अनुदान मंजूर झाल्यावर ही ओळ घुसवणं फार अवघड जातं. प्रस्तावात ती 'किरकोळ' किंवा 'इतर' मध्ये लपवू नका. कपातीची कात्री पहिली तिथेच लागते. 'सहभागासाठी भाषिक सोयी' असं स्वतंत्र शीर्षक द्या. देणगीदार संस्थेचा एखादा अधिकारी ही ओळ पाहून विचारेल, 'कर्णबधिर लाभार्थी आहेत का?' त्याला सांगा की सोय नसल्यामुळेच आजवर आले नाहीत.

तीन-चार छोट्या संस्थांनी मिळून सामाईक निधी केला तर फार फरक पडतो. प्रत्येकीने वर्षाच्या सुरुवातीला आपल्या उलाढालीच्या प्रमाणात ठराविक रक्कम भरायची, ज्या संस्थेला गरज पडेल तिने वापरायची. एकीकडे वर्षात पाच मागण्या येतात, दुसरीकडे एकही नाही, पण चौघींची मिळून बेरीज बरीचशी स्थिर असते. विमा चालतो त्याच तत्त्वावर. दुभाष्यांनाही वर्षभराच्या कामाचा अंदाज येतो आणि दराबद्दल बोलता येतं. फक्त नियम लेखी ठेवा: निधी डिसेंबरात संपला तर काय, एकीने जास्त वापरला तर काय.

प्रायोजक मिळतो, पण त्यातही एक अट पाळा. 'साइन लँग्वेज सेवा अमुक यांच्या सौजन्याने' हे चालतं. ते पैसे आले नाहीत तर सोय रद्द, हे चालत नाही. आधी स्वतःच्या निधीतून बुक करा, प्रायोजकाचे पैसे आले की निधी भरून काढा. करसवलतीही तपासा. अमेरिकेत छोट्या व्यवसायांना अशा खर्चावर ठराविक मर्यादेत निम्म्या खर्चाइतकी करसवलत मिळते आणि त्यात दुभाष्याचे पैसेही धरतात. तरी अनेकांना ती माहीत नसते. आपल्याकडच्या सनदी लेखापालाला हा प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंना कॅप्शन देणं थेट कॅप्शनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, कारण घाई नसते. यंत्राने काढलेला मसुदा घ्यायचा आणि माणसाने दुरुस्त करायचा. वेबसाइटसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय निकषांत रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंना कॅप्शन ही सगळ्यात खालच्या, 'ए' पातळीची अट आहे, थेट कॅप्शन 'डबल ए'ची, तर साइन लँग्वेज 'ट्रिपल ए'ची. पैसे अगदीच तोकडे असतील तर क्रम कुठून लावायचा याचा थोडा अंदाज यातून येतो. पण कोणी दुभाषी मागितला असेल तर 'आमची ए पातळी पूर्ण आहे' हे उत्तर होत नाही.

पाचवी पायरी: मंजुरीची टिपणी

टिपणी छोटी ठेवा. दयेची भाषा टाळा. 'सामाजिक बांधिलकी म्हणून' असं लिहिलंत की तो खर्च ऐच्छिक होतो आणि ऐच्छिक खर्च पुढच्या वर्षी कापला जातो. मी साधारण असं लिहिते:

'अमुक तारखेच्या कार्यशाळेसाठी एका सहभागी व्यक्तीने साइन लँग्वेज दुभाष्याची मागणी केली आहे. ही सोय पुरवणे आपल्यावर कायद्याने बंधनकारक आहे. कार्यशाळा सहा तासांची असल्याने दोन दुभाषी लागतील. दोन दरपत्रके सोबत जोडली आहेत. बुकिंग या शुक्रवारपर्यंत न केल्यास हे दुभाषी उपलब्ध राहणार नाहीत. खर्च सहभाग-सोयी या शीर्षाखाली टाकावा.'

बास. कायदा, कारण, आकडा, मुदत, खातं. 'बंधनकारक' हा शब्द लिहिण्यापूर्वी तो आपल्या ठिकाणी आणि आपल्या प्रकारच्या संस्थेला खरंच लागू आहे ना, ते मात्र तपासा. दोन दरपत्रकं जोडायची ती सर्वात स्वस्त निवडण्यासाठी नव्हे. पात्रतेचं प्रमाणपत्र, अनुभव, आणि शक्य असेल तर त्या कर्णबधिर व्यक्तीची पसंती, हे सगळं दराच्या आधी पाहा. ज्याने तीन महिन्यांचा कोर्स केला आहे तो हौशी माणूस फुकट येतो म्हणेल. तो आला तर तुमच्याकडे दुभाषी आहे असं फक्त ऐकणाऱ्यांनाच वाटेल.

बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो: "एका माणसासाठी एवढा खर्च?" यावर मी विचारते, चाळीस जणांच्या त्या खोलीत साइन लँग्वेज न येणारे किती जण असतील? एकोणचाळीस. मग दुभाषी त्या एकोणचाळिसांसाठीही आहे.

सहावी पायरी: बुकिंग, रद्द करणं आणि वेळेवर बिल

बुकिंग लेखी करा. त्यात तारीख, वेळ, जागा, विषय, दुभाष्यांची संख्या, दर, प्रवास आणि रेकॉर्डिंग होणार आहे का हे असू द्या. रेकॉर्डिंगला दुभाष्याची संमती लागते आणि काही जण त्याचे वेगळे पैसे घेतात. कार्यक्रम रद्द झाला तर किती तास आधी कळवल्यास किती पैसे लागतील, हे त्यांच्या अटींत असतं. ऐन वेळी रद्द केलं की पूर्ण पैसे द्यावे लागतात. हिशोबनीस यावर चिडतात, म्हणून अट आधीच दाखवून ठेवा. 'ती व्यक्ती आलीच नाही तर?' याचं उत्तरही तेच: पैसे द्यायचे. ऐकणारे श्रोते आले नाहीत म्हणून मांडववाल्याचे पैसे आपण कापत नाही.

भाषणं, स्लाइड, नावांची यादी, संक्षेप हे दोन-तीन दिवस आधी पाठवा. फुकटात गुणवत्ता वाढवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. वक्ते शेवटच्या रात्री स्लाइड बनवतात हे मलाही ठाऊक आहे. निदान नावं तरी मिळवा.

आणि बिल वेळेवर चुकतं करा. दुभाषी बहुतेक एकेकटे काम करणारे असतात. ज्या संस्थेने तीन महिने पैसे अडवले तिची कीर्ती त्यांच्या वर्तुळात आठवड्यात पोचते, आणि मग पुढच्या वेळी सगळेच 'त्या दिवशी उपलब्ध नाही' असतात. ते नवे पुरवठादार असल्याने संस्थेच्या यादीत नाव चढवायला कागदपत्रं लागतात. ती बुकिंगच्या दिवशीच मागून घ्या, कार्यक्रमानंतर नव्हे.

कार्यक्रम झाल्यावर

एक वही ठेवा, किंवा शीट. प्रत्येक मागणी, काय दिलं, किती खर्च झाला, आणि त्या व्यक्तीने नंतर काय सांगितलं. तिला थेट विचारा, दुभाष्यामार्फत नको. स्वतःबद्दलची तक्रार भाषांतर करायला लावणं दोघांनाही अवघड. याच वहीत ज्या मागण्या पुऱ्या करता आल्या नाहीत त्याही लिहा, कारणासकट: उशिरा कळलं, दुभाषी मिळाला नाही, मंजुरी आली नाही. बजेटच्या बैठकीत खर्च झालेला आकडा सगळेच आणतात. न झालेल्या खर्चाची ही यादी फक्त तुमच्याकडे असते, आणि पुढच्या वर्षीच्या तरतुदीचा आकडा त्या दोन रकान्यांची बेरीज करून मांडायचा.